चमेलीचं तेल

आमच्या नववीच्या हजेरीपटावर तीन यासमीन आहेत. एक नुसती यासमीन, एक यासमीनबानू, आणि तिसरीच्या जन्मदाखल्यावर कारकुनाने मधलं एक अक्षर खाल्लं म्हणून ती कागदोपत्री 'यासीन'. हाक मारली की तिघी उठून उभ्या राहतात. मराठी शिकवणाऱ्या मॅडमनी एकदा त्यांना सांगितलं, तुमच्या नावाचा अर्थ जाई. मुली घरी विचारून आल्या आणि दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या तासाला तक्रार आमच्याकडे. "टीचर, मॅडम गलत बोले. यासमीन मतलब चमेली."

निवाडा सोपा होता. फारसीतली यासमीन, उर्दू-हिंदीतली चमेली, संस्कृतातली जाती आणि मराठीतली जाई ही सारी एकाच वेलीची नावं. पुस्तकात तिला जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम म्हणतात आणि ते जॅस्मिनही फारसी यासमीनवरूनच युरोपात गेलेलं. मोगरा तिचा चुलत भाऊ, त्याचं नाव जॅस्मिनम सॅम्बॅक. हे सॅम्बॅक कुठून आलं? अरबी 'झंबक'वरून. जुन्या अरबीत झंबक म्हणजे चमेलीच्या जातीतल्या फुलांचं तेल. म्हणजे मोगऱ्याच्या शास्त्रीय नावात फुलाच्या जागी तेलच जाऊन बसलं आहे. मुलींना हे फार आवडलं. मराठीच्या मॅडमनाही सांगितलं, त्यांनाही आवडलं.

(उर्दूच्या सवयीने आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो. घरातली बोलीही 'हमे'वालीच. वाचकांनी यात मोठेपणा शोधू नये.)

तेलाने फुलाच्या नावावर बसावं हे आमच्या घरांना धरूनच आहे. मिरजेतल्या आमच्या मोहल्ल्यात जाईचा वेल दोन-चार अंगणांतच असेल, पण चमेलीच्या तेलाची बाटली नाही असं घर दाखवा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ती एकाच फळीवर असते आणि तिला दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं असतात. जुमेरातला आमच्या बायका येतात, डोक्याला लावायला. शनिवारी मारुतीला शेंदूर चढवणारे येतात, शेंदरात कालवायला. बाटली तीच, भाव तोच. दुकानदार म्हणतो, या तेलाचा शुक्रवार तेवढा सुना जातो.

बाटलीवर पांढऱ्या पाकळ्यांचं चित्र असतं. मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. ते वाचायला आम्ही वर्गात भिंग देतो. लाईट लिक्विड पॅराफिन, म्हणजे पेट्रोलियम शुद्ध करताना निघणारं खनिज तेल. मग थोडं वनस्पती तेल, रंग आणि सगळ्यांत शेवटी 'परफ्यूम'. चमेली चित्रात आहे, यादीत नाही. मुली विचारतात, मग वास कसा येतो? वास कारखान्यातून येतो. चमेलीच्या सुगंधात बेंझाइल अ‍ॅसिटेट नावाच्या द्रव्याचा मोठा वाटा असतो आणि ते प्रयोगशाळेत स्वस्तात तयार होतं. त्यात आणखी दोन-चार द्रव्यं मिसळली की साधारण चमेलीसारखं काहीतरी जमतं. अत्तरांच्या कुपीवर हल्ली 'अल्कोहोल फ्री' अशी चिठ्ठी असते. ती वाचून आमचे लोक खूश होतात. आत दारू नाही एवढं ती सांगते, आत फूल आहे असं ती म्हणत नाही.

खरं तेल काय असतं ते आम्ही फळ्यावर हिशेबाने सांगतो, कारण हिशेब विसरला जात नाही. जाईची फुलं हलकी. एका किलोत साधारण दहा हजार बसतात. एक किलो शुद्ध अर्क, ज्याला व्यापारात अ‍ॅब्सोल्यूट म्हणतात, तो काढायला सातशे किलोच्या आसपास फुलं लागतात. म्हणजे सत्तर लाख फुलं. एका ग्रॅमला सात हजार. हे फळ्यावर आलं की साठ रुपयांची शंभर मिलिलिटरची बाटली वर्गात हातोहात फिरते आणि हशा पिकतो.

पण स्वस्त आणि खरं यांच्या मधला एक मार्ग आपल्या देशात होता, आणि तो आम्हांला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. जाईचं फूल खुडल्यावरही मरत नाही. वेलीवरून उतरल्यावर कितीतरी तास ते नवा सुगंध तयार करत राहतं. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर, गाझीपूर, कनौज भागातल्या कारागिरांनी याचा फायदा घेतला. पांढरे, सोललेले तीळ पसरायचे, त्यांवर ताज्या फुलांचा थर, पुन्हा तीळ, पुन्हा फुलं. रात्रभर फूल श्वास सोडतं आणि तीळ तो पितो. दुसऱ्या दिवशी कोमेजलेली फुलं चाळून काढायची, नवी घालायची. असं कित्येक दिवस. तीळ फुलाचा झाला की घाण्यात घालायचा. जे उतरतं ते फुलेल, म्हणजेच खरं रोगन-ए-चमेली. त्यात फूल प्रत्यक्ष कधी पिळलं जात नाही, उकळलं जात नाही.

फ्रान्समधल्या ग्रास गावातही हेच तत्त्व वापरत. तिथे तिळाऐवजी काचेवर चरबीचा थर देत आणि त्यावर फुलं मांडत. ती चरबी बहुतेक डुकराची आणि गुरांची. आमच्या आजीने हे ऐकलं असतं तर जगातली सारी सेंटं गटारात ओतली असती. आता ती पद्धत जवळजवळ गेली आहे. हेक्झेनसारख्या द्रावकात फुलं भिजवतात, द्रावक उडवला की मेणासारखा गोळा उरतो, तो अल्कोहोलने धुऊन अल्कोहोलही उडवून टाकतात. कोइमतूर-मदुराईच्या पट्ट्यात हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं. ग्रासच्या अत्तरकलेला २०१८ मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं. जौनपूरच्या तिळाची कुणी अशी आठवण काढल्याचं आमच्या वाचनात नाही.

राहिलं कनौजचं अत्तर. तांब्याची देग, तिच्यात फुलं आणि पाणी, झाकणाची फट मातीने बंद केलेली, वाफ नेणारा बांबूचा चोंगा आणि पाण्याच्या हौदात बुडवलेला भपका. भपक्यात चंदनाचं तेल असतं, फुलाची वाफ त्यात उतरते आणि तिथेच अडकते. उर्दू पुस्तकात आम्ही जे 'अमल-ए-कशीद' म्हणून शिकवतो, ते हेच. एकदा प्रयोगशाळेतल्या काचेच्या उपकरणावर आम्ही जाईची फुलं उकळून दाखवली. निघालेल्या पाण्याला उकडलेल्या पालेभाजीचा वास होता. तसा तो येणार हे ठाऊक होतं, तेच दाखवायचं होतं. जाईला दणदणीत आच सोसत नाही आणि तिच्यातून तेल निघतं ते इतकं कमी की पकडायला चंदन लागतं. कनौजचा कारागीर मंद आचेवर तासन्‌तास बसतो आणि रोज नवी फुलं घालून तेच चंदन पुन्हा पुन्हा भरतो. आता चंदन महाग झालं, तेव्हा पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी तेच लिक्विड पॅराफिन आलं. फिरून बाटली तिथेच.

फूल खुडायचं तेही रात्री, उजाडण्याआधी, कारण सुगंध तेव्हाच भरात असतो. २०२४ साली बीबीसीने इजिप्तमधल्या चमेलीच्या शेतांवर एक शोधवृत्तांत दाखवला. जगातल्या मोठ्या अत्तरांना जाणारी फुलं तिथे मध्यरात्रीपासून खुडली जातात आणि खुडणाऱ्यांत लहान मुलं होती. आम्ही तो वर्गात दाखवला नाही. सकाळच्या शाळेत पहिल्या तासाला डुलक्या घेणारी मुलं आमच्याकडेही आहेत. त्यांच्या रात्री कशात जातात ते आम्हांला ठाऊक आहे, आणि ते चारचौघांत काढण्यासारखं नाही.

या तेलाचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर मोहल्ल्यातल्या बायका बोटं मोजायला लागतात. डोकं शांत होतं, झोप लागते, केस वाढतात, गुडघे धरत नाहीत. यातलं किती खरं? युनानी हकीम चमेलीचा मिजाज गरम मानतात आणि रोगन-ए-यासमीन सांध्यांना, आखडलेल्या अंगाला चोळायला देतात. आयुर्वेदातलं जात्यादि तेल जखमांवर चालतं, पण त्यात फूल नसून जाईची पानं असतात. तोंड आलं की आमची आजी हीच पानं चघळायला लावायची, तेही आयुर्वेदात आहे. केस वाढतात यावर आमचा विश्वास नाही. चोळण्याने डोकं हलकं होतं, हे मात्र चोळून घेणाऱ्या कुणालाही विचारा. शुद्ध अर्क मिळालाच तर तो थेट कातडीवर लावू नये, साध्या तेलात थेंबभर मिसळावा. काहींना त्याने पुरळ उठतं. पोटात तर मुळीच घेऊ नये.

एक उपयोग बायका बोटांवर मोजत नाहीत, हळू आवाजात सांगतात. आमच्या फुप्पीचं पहिलं बाळ सहाव्या दिवशी गेलं. बाळ गेलं तरी दूध थांबत नाही. ती तापाने फणफणली होती, छाती दगडासारखी झाली होती. आजीने बाजारातून मोगऱ्याची फुलं आणवली आणि ओढणीत बांधून तिच्या छातीवर ठेवली, सुकली की नवी. चार-पाच दिवसांत दूध ओसरलं. हा अडाणी समज असेल असं आम्हांला बरीच वर्षं वाटे. पुढे वाचनात आलं की वेल्लोरच्या डॉक्टरांनी हे तपासून पाहिलं होतं. दूध थांबवण्याची गोळी आणि छातीवर बांधलेली मोगऱ्याची फुलं यांची तुलना करून त्यांनी १९८८ मध्ये निष्कर्ष छापले. फुलांनीही दूध कमी होत होतं. वास नाकातून जाऊन हे घडवतो की कातडीला लागून, ते सांगणं कठीण. फुप्पी मात्र त्यानंतर कुठल्याही शादीत मोगऱ्याचा गजरा माळत नाही. तिला तो वास सोसत नाही. सुगंध आठवणी जाग्या करतो असं कौतुकाने लिहिणाऱ्यांनी एकदा आमच्या फुप्पीजवळ बसावं.

हे सगळं आम्ही पुस्तकातून आणि बायकांच्या तोंडून गोळा केलेलं. २०२१ मध्ये ते आमच्याच घरात कामाला आलं.

अब्बा रेल्वेत होते. पगाराच्या दिवशी ते घरच्या सामानाबरोबर चमेलीच्या तेलाची एक बाटली आणायचे, निवृत्त झाल्यावर पेन्शनच्या दिवशी. लग्न झाल्यापासून हा शिरस्ता. अम्मीचे केस कंबरेखाली. जुमेरातला इशाची नमाज झाली की ती दारातल्या पायरीवर बसायची आणि आम्ही दोघी बहिणी आळीपाळीने तिच्या डोक्याला तेल चोळायचो. खाटेवरून अब्बा विचारायचे, "हमारे वास्ते कुछ बचा की नई?" त्यांना पुरतं टक्कल होतं. हा विनोद दर जुमेरातला व्हायचा आणि अम्मी दर जुमेरातला हसायची.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, रमजानच्या दुसऱ्या अशऱ्यात, अब्बा गेले. दवाखान्यातून मय्यत थेट कबरस्तानात नेली. मय्यतीच्या घराला काफूर आणि अत्तराचा वास असतो. आमच्या घराला त्या दिवशी सॅनिटायझरचा होता. अम्मीला तोही येत नव्हता. तिलाही ताप होता. ताप उतरला, जीव वाचला, पण नाक गेलं. डाळ करपली तर शेजारीण हाक मारून सांगायची.

त्या तापातच तिची इद्दत सुरू झाली. चार महिने दहा दिवस. या काळात बाईला सुगंध, मेंदी, सुरमा मना असतो. अब्बांनी आणलेली शेवटची बाटली अर्धी उरली होती. अम्मीने ती स्वतः कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. आम्ही म्हणालो, अम्मी, तुला वासच येत नाही. ती म्हणाली, "दूसऱ्यांको तो आता." खोबरेल तेलाने तिने केस बांधले आणि विषय संपला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुदत पुरी झाली. आम्ही बाटली खाली काढली. अम्मी म्हणाली, "अब मेरेकू कायकू गे?" चाची तिथेच बसल्या होत्या. त्यांनी मान डोलवली. "बेवा औरत खुशबू लगाके किसकू दिखाती?"

हे वाक्य चाचींचं एकटीचं नव्हे. आमच्या मोहल्ल्यात ते हवेतच असतं. नवरा गेलेल्या बाईने गजरा माळू नये, रंगीत बांगड्या भरू नयेत, वासाचं तेल लावू नये, आणि हे सगळं जन्मभर. कुणी विचारलं की दीनचं नाव पुढे केलं जातं. पण दीनने तर मुदत घालून दिली आहे, दिवस मोजून. हदीसच्या किताबांत उम्मे हबीबांचा वाकिया आहे. त्यांचे वालिद अबू सुफियान वारले, तेव्हा त्यांनी तिसऱ्याच दिवशी सुगंध मागवून गालांना लावला. गरज होती म्हणून नव्हे. तीन दिवसांपलीकडे सोग नाही, नवऱ्यासाठी तेवढे चार महिने दहा दिवस, हे त्यांनी रसूलल्लाहकडून ऐकलं होतं आणि ते लोकांना दिसावं अशी त्यांची इच्छा होती. आम्ही हे चाचींना सांगितलं. मशिदीच्या इमामसाहेबांनाही विचारून घेतलं. ते म्हणाले, मुदत झाली, आता सारं जायज आहे, यात मसला तो काय? चाची म्हणाल्या, "वो ठीक है, पन लोगां क्या बोलेंगे?" रिवाजाचा आधार शेवटी एवढाच असतो.

पुढच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या बांगड्या फोडण्याच्या, कुंकू पुसण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. सरकारनेही मग सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. पेपर वाचून चाची म्हणाल्या, ते त्यांचं आहे. आम्ही म्हणालो, ते त्यांचं असेल, पण जन्मभराचा गजरा तर दोन्हीकडे सारखाच सुटतो.

चाचींशी भांडता येत होतं. अम्मीपुढे आमचा इलाज चालेना, कारण तिची अडचण दीनची नव्हती की लोकांची नव्हती. ती म्हणाली, नाकच राहिलं नाही, तर लावलं काय आणि न लावलं काय. लावायला सांगणारा गेला आणि हुंगायचं नाक गेलं. यावर आमच्याकडे हदीस नव्हती.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी एक उपाय सांगितला. औषध नाही, सराव. चार वास निवडायचे: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली नाकाशी धरून वीस-तीस सेकंद हुंगायची आणि तो वास कसा होता ते मनात आणायचं. निदान तीन महिने. जर्मनीतल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये ही रीत मांडली होती, कोरोनात ती सगळीकडे पसरली. आम्ही चार बाटल्या भरल्या आणि पाचवी चमेलीची ठेवली. अब्बांच्या बाटलीतली नव्हे, ती अम्मीने हातात घेतली नाही. मुंबईला असलेल्या मामेभावाने मोहम्मद अली रोडवरून चमेलीच्या अत्तराची इवलीशी कुपी आणली होती, ती. विकणाऱ्याने कसम खाऊन खरी म्हटलं होतं. भाव बघता खरी असावी.

फजर आणि मगरिबनंतर अम्मी पाच बाटल्या मांडून बसायची. मुलांच्या पाढ्यांसारखं आम्ही तिच्याकडून करून घेत होतो. तीन महिने काही नाही. मग एका सकाळी लवंगेला ती म्हणाली, काहीतरी टोचतंय. आम्ही शाळेत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

त्यानंतर मात्र उलटंच झालं. कांदा परतला की तिला कुजका वास येई, चहा जळका लागे, आणि चमेली नाकाशी धरली तशी तिने कुपी दूर ढकलली. "मोरी का बास आता." चाचींना यात इशारा दिसला. आम्हांला रसायनशास्त्र दिसलं. चमेलीच्या सुगंधात इंडोल नावाचं एक द्रव्य अगदी थोडं असतं. तेच विष्ठेतही असतं. थोडं असेल आणि बाकीच्यांच्या संगतीत असेल तर फुलाला गोड, जडसर खोली देतं, एकटं पुढे आलं तर घाण. बनावट चमेली सपाट, साबणासारखी वाटते ती पुष्कळदा यालाच फाटा दिल्यामुळे. अम्मीच्या नाकाच्या तारा पुन्हा जुळत होत्या. काही जुळल्या होत्या, काही नव्हत्या, म्हणून बाकीच्या सुगंधाआधी तिला मोरीच सापडली, असं आम्ही धरून चाललो. मोरीचा वास येणं म्हणजे कुपी खरी असल्याचीही खूण. आम्ही तिला सांगितलं, अम्मी, हा वास खोटा नाही, अर्धा आहे. उरलेला यायचा आहे. ती म्हणाली, "तेरी साइन्स तू रख." पण कुपी रोज हुंगत राहिली, तोंड वाकडं करून.

उन्हाळा तसाच गेला. पाऊस लागला. जाईचा बहर पावसात. त्या वर्षीच्या नववीतल्या एका मुलीच्या अंगणात वेल होता. तिने रुमालात ओंजळभर फुलं आणून दिली, प्रयोगासाठी. प्रयोग राहिला, आम्ही ती रिकाम्या डब्यात घालून घरी आणली आणि पिशवी नेहमीच्या खुंटीला अडकवली. अम्मी आत भाकरी थापत होती. तिथूनच तिने विचारलं, "चमेली कौन लाया गे?"

डबा अजून उघडलेला नव्हता.

त्याच जुमेरातला तिने कपाटावरची बाटली स्वतःच मागितली. सव्वा वर्ष पडून होती, तरी तेल जसंच्या तसं. तिळाचं असतं तर केव्हाच खवट झालं असतं. खनिज तेलाला खवटपणा धरत नाही, नकली असण्याचा एवढा एक फायदा. तिने बूच काढून नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं. मग भुवया वर करून म्हणाली, "ये तो चमेली नई है. साबन का बास आता. तेरे अब्बा चालीस बरस क्या लाते रहे गे?"

आणि पायरीवर जाऊन बसली, केस मोकळे सोडून. आमची बहीण त्या दिवशी माहेरी आली होती. दोघींनी मिळून चोळलं. अम्मी मधेच हसत होती, मधेच गप्प होत होती.

ती अर्धी बाटली दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पुरली. नवी आणायला निघालो तेव्हा आम्ही विचारलं, कनौजहून तिळाचं, खरं मागवू का? पैसे आहेत आता. ती म्हणाली, "नक्को. वोच ला. साठ रुपयेवाली."